"संशोधनाने सिद्ध झालंय" असा मेसेज आला की त्याची लिंक कशी तपासायची

अमुक पानांनी शुगर गायब, तमुक मुळीने गाठी विरघळतात, आणि खाली एक लिंक. लिंक कुणी उघडत नाही आणि मेसेज पाठवणाऱ्याने तर अजिबातच उघडलेली नसते. मीपण आधी फक्त वरचा सारांश वाचून खूश व्हायचो. आता मूळ संशोधनाचा पेपर उघडतो आणि साधारण पंधरा मिनिटांत कळतं की यात कितपत दम आहे. बायोलॉजीची डिग्री लागत नाही, गुणाकार-भागाकार आला की झालं.

लिंक बातमीची असेल तर आधी मूळ पेपर काढा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, फुकट शोधता येतं, फक्त तिथे झाडाचं लॅटिन नाव टाकायचं, आपलं बोलीतलं नाही. कारण ब्राह्मी म्हटलं की कुणी बाकोपा समजतं, कुणी सेंटेला, आणि ही दोन पूर्ण वेगळी झाडं आहेत. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती चालतात. हे नुसतं किसकाढूपण नाहीये बरं का, १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिया ही दुसरीच गेली, दोघींची चिनी नावं मिळतीजुळती म्हणून, आणि शंभरेक बायकांच्या किडन्या बिघडल्या.

नाव जुळलं की बघा झाडाचा कुठला भाग घेतला आणि अर्क कशात काढला, म्हणजे पाण्यात, अल्कोहोलमध्ये की आणखी कशात. लोक हे सरळ उडी मारून पुढे जातात आणि मग इथेच फसतात. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचं उदाहरण घ्या. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्या टीमला, ते ज्यातून मिळतं त्या आर्टेमिसिया वनस्पतीच्या अर्काचा गुण एकदा यायचा, एकदा नाही. मग त्यांनी चौथ्या शतकातला एक चिनी ग्रंथ परत वाचला, त्यात पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या असं होतं, उकळा असं नव्हतंच! उष्णतेने औषध बिघडत असणार हे त्यांच्या डोक्यात आलं, मग १९७१ मध्ये ३५ अंशाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा पेपरात इथर किंवा मिथेनॉलमधला अर्क असेल तर तुमच्या घरच्या काढ्यात तेच उतरेल हे कुणी सांगितलं?

पुढचं, प्रयोग कुणावर केला. काचेच्या बशीतल्या पेशींवर असेल तर फार हुरळून जाऊ नका, बशीत साबणाचं पाणी ओतलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात. खरी अडचण पोटातून रक्तात पोचायची असते. हळदीतलं कर्क्युमिन बशीत एकदम हिरो, पण तोंडावाटे घेतलं की रक्तात नावापुरतंच सापडतं. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं, जाहिरातीत हाच आकडा मिरवतात. पण मुळात जवळपास शून्य होतं त्याची वीस-एकवीस पट म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही.

प्रयोग प्राण्यांवर असेल तर कॅल्क्युलेटर काढा. माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच. पेपरात डोस किलोमागे मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो, छोटा उंदीर म्हणजे माऊस असेल तर त्याला १२.३ ने भागा, मोठा म्हणजे रॅट असेल तर ६.२ ने, हा माणसाचा किलोमागचा डोस झाला, ढोबळ पण चालतो. समजा रॅटला ४०० मिलिग्रॅम अर्क दिलाय. ४०० भागिले ६.२ म्हणजे ६४.५, त्याला ६० किलो वजनाने गुणा, ३.९ ग्रॅमच्या आसपास. पाचशेच्या कॅप्सूल असतील तर रोज आठ! आणि सुक्या पानांतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर रोज ३९ ग्रॅम सुकी पानं, आणि त्यांचा अर्क कशात काढायचा ही भानगड वर बघितलीच. अर्धे मेसेज इथेच गळतात.

माणसांवरचा अभ्यास असेल तर भारीच, पण किती माणसं, तुलनेला प्लासिबोवाला, म्हणजे औषधासारखी दिसणारी नुसती पोकळ गोळी घेणारा, गट होता का आणि मोजलं काय, एवढं बघा. रक्तातला एखादा आकडा हलणं वेगळं आणि आजार टळणं वेगळं. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जोरात खपायचा, मग ७५ च्या पुढच्या ३०६९ लोकांवर मोठी ट्रायल झाली, निम्म्यांना गिंको आणि निम्म्यांना प्लासिबो, काही वर्षं. २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणीचा विसरभोळेपणाचा आजार, काही टळला नाही.

उलटंपण होतं हां. सदाफुली कॅनडात डायबेटिससाठी तपासत होते, शुगर काही उतरली नाही पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या, त्यातून कॅन्सरवरचं विनब्लास्टिन मिळालं. म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावू नका, ते औषध शुद्ध करून मोजक्या मिलिग्रॅममध्ये शिरेतून देतात.

शेवटी, आधीच गोळ्या चालू असतील तर लॅटिन नावापुढे "इंटरॅक्शन" (एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम) हा शब्द इंग्रजीत टाकून परत एकदा शोधा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उदासीवर घेतात, पण ते लिव्हरमधलं एन्झाइम वाढवून बाकीची औषधं लवकर संपवतं. गर्भनिरोधक गोळी कमी पडते, आणि हृदय बदललेल्या पेशंटमध्ये सायक्लोस्पोरिनची (नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची) पातळी उतरून शरीर नवीन हृदय नाकारायला लागल्याच्या केसेस २००० साली छापून आल्यात. डॉक्टरांना "काहीतरी आयुर्वेदिक घेतोय" असं सांगून उपयोग नाही, बाटलीच्या लेबलचा फोटो दाखवा, लॅटिन नाव आणि मिलिग्रॅम दिसतील असा.