वैद्यकीय शब्द शेवटाकडून वाचा

अनोळखी वैद्यकीय शब्द समोर आला की आधी त्याचं शेपूट पाहा, मग सुरुवात, आणि शेवटी मधला भाग. 'हायपोग्लायसेमिया'त 'एमिया' म्हणजे रक्तातली स्थिती, 'हायपो' म्हणजे कमी आणि मधला 'ग्लायस' म्हणजे साखर. अर्थ लागला: रक्तातली साखर कमी होणं.

शब्दाचे तुकडे सांधणारा जोडस्वर 'ओ' बहुतेकांना अडवतो. पुढचा प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर तो राहतो (गॅस्ट्रोस्कोपी), स्वराने होत असेल तर गळतो (गॅस्ट्रायटिस). मात्र दोन मूळ शब्द जोडताना दुसरा स्वराने सुरू झाला तरी 'ओ' टिकतो, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस ('गॅस्ट्र' म्हणजे जठर, 'एन्टर' म्हणजे आतडं).

खरी जोखीम सारख्या ऐकू येणाऱ्या शेपटांत आहे. 'टॉमी' म्हणजे छेद देणं, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं, 'स्टॉमी' म्हणजे शरीरात नवं तोंड तयार करणं. कोलोटॉमी, कोलेक्टॉमी, कोलोस्टॉमी ('कोल' म्हणजे मोठं आतडं) हे एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणा. फरक कानात बसतो. 'इलियम' मात्र कानाने ओळखताच येत नाही: स्पेलिंगमध्ये एलनंतर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. तिथे स्पेलिंगच पाठ हवं.