जुनी पिकअप घेताना: आधी विम्यावरचं नाव

मागच्या खेपेला जुनी बोलेरो पिकअप घेतली तेव्हा आरसी नावावर झाली, बँकेचा बोजा चढला, हौद्याला रंग झाला, काचेवर ‘जोतिबा प्रसन्न’ लिहून झालं, पेढेही वाटले. विम्यावर मात्र जुन्या मालकाचंच नाव राहिलं. दोन महिन्यांनी आंबा घाटात गुळाचे रवे भरलेली गाडी कठड्याला घासली. माणसं वाचली, गाडीचा खर्च 1 लाख 12 हजार आला. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, आणि तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं: पॉलिसी तुमच्या नावावर नाही, क्लेम नामंजूर. जुन्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, “दादा, गाडीच माझी न्हाई, मी कशाचा क्लेम करू?” त्याचंही बरोबरच होतं.

म्हणून ही यादी विम्यापासून सुरू होते आणि मधे मधे विम्यावरच परत येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आमच्या एजंटानं सांगितलं होतं, “विमा गाडीबरोबर आपोआप येतो.” हे अर्धंच खरं, आणि मी बुडालो ते उरलेल्या अर्ध्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडं आला असं धरलं जातं. म्हणजे माझ्या गाडीनं दुसऱ्याला धडक दिली असती तर कंपनीला हात झटकता आले नसते. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे तीसेक वर्षांपूर्वीच स्पष्ट केलंय. त्याच कलमात लिहिलंय की नव्या मालकानं 14 दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा. हे चौदा दिवस गाडी विकल्या तारखेपासून मोजायचे, आरसी हातात आल्यापासून नव्हे. मी आरसीची वाट बघत बसलो होतो. तुम्ही बसू नका.

व्यवहाराच्या दिवशीच, पैसे देण्याआधी, विकणाऱ्याकडून सह्या घ्या: गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, विक्रीची पावती आणि चौथा कागद म्हणजे विमा तुमच्या नावावर करायला त्याची लेखी संमती. हा चौथा कागद कुणी मागत नाही. मीही मागितला नव्हता. नंतर मागायला गेलं की माणूस सापडत नाही, सापडला तर म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. तो कागद, नवा प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) आणि मूळ पॉलिसी घेऊन स्वतः कंपनीच्या ऑफिसात जा आणि पोच घ्या. एजंटाच्या हातात कागद देऊन चहा प्यायला जाऊ नका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, त्याचा त्याच्याकडं राहतो, त्यामुळं उरलेल्या मुदतीसाठी फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. ती वाचवायला म्हणून नाव न बदलणारे महाभाग मी बघितलेत. चार-पाच हजार वाचवतात आणि लाख घालवतात. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमासुद्धा जुन्या मालकाच्या नावचा असतो, तुमच्या कामाचा नाही. तोही नव्यानं घ्या.

आता गाडी ठरवताना. आरसीवर जीव्हीडब्ल्यू म्हणजे माल भरलेल्या गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. शोरूमवाला ‘दीड टन, पावणेदोन टन’ म्हणतो ते मालाचं वजन, त्याचा इथं उपयोग नाही. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं. म्हणून तीन हजाराच्या जरा आतल्या गाड्यांना बाजारात मागणी असते. पण त्यात पाच किलोही जादा भरायची सवय असेल तर फायदा तिथंच संपतो, कारण ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. हौद्याबाहेर माल काढला तर त्याचाही वेगळा दंड.

7,500 किलोची रेघ लायसन्सची. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, की एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा नसला म्हणून विमा कंपनीला पैसे नाकारता येत नाहीत. आधी यावर वर्षानुवर्षं खटले चालायचे. आपल्या सगळ्या पिकअप या वजनात बसतात, तेव्हा ‘बॅज नाही’ म्हणून कुणी घाबरवलं तर हा निकाल दाखवा. मात्र लायसन्सची मुदत संपलेली चालणार नाही. ड्रायव्हर ठेवताना त्याच्या शब्दावर जाऊ नका, लायसन्स नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून तारीख बघा. मुदत संपलेला ड्रायव्हर असेल तर कंपनी धडक बसलेल्याला पैसे देते आणि तुमच्याकडून वसूल करते.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज, टायर, हौद्याखालचा गंज हे तुम्ही बघालच. चासी नंबर मात्र आरसीशी अंकाअंकानं जुळवा. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याला भरायला लावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र घ्या. ‘कर्ज फिटलंय हो’ हे तोंडी चालत नाही. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. नाव बदलण्याचा अर्ज तुम्ही 30 दिवसांत करायचा. आरटीओचे तीस दिवस आणि विम्याचे चौदा, हे दोन्ही घड्याळं एकाच दिवशी सुरू होतात. मी तीसच लक्षात ठेवले होते.

नवीकोरी घेणार असाल तर वरची बरीच कटकट वाचली. शोरूम नोंदणी करून देतं, पिवळी पाटी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून देतं. 1 जुलै 2025 पासून महाराष्ट्रात 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे, तो हिशेबात धरा. आणि तिथंही पॉलिसीवरचं नाव, चासी नंबर, बँकेचं नाव काउंटरवरच वाचून घ्या. घाईत एक अक्षर चुकलं की क्लेमच्या वेळी ते अक्षर नडतं.

पॉलिसी कुठली घ्यावी? नुसत्या थर्ड पार्टीचा 2022 च्या दरपत्रकातला दर 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला 16,049 रुपये, अधिक जीएसटी. कर्जाची गाडी असेल तर बँक पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही धरणारी, घ्यायलाच लावते. पॅकेजमध्ये एक गोम आहे: मालवाहू गाड्यांना दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू, रंग यांचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी ‘आयएमटी 23’ हे जादा कव्हर वेगळं मागावं लागतं. घाटात घासते ती नेमकी हीच बाजू. हमाल किंवा क्लीनर बरोबर असेल तर त्यांचा वेगळा हप्ता भरा. तो अगदी किरकोळ असतो.

माणसं हौद्यात बसवू नका. लग्नाला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला ‘पन्नास जणं बसतील की’ म्हणून मागायला येतात. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विम्यात बसतो. फुकट बसलेले पाहुणे बसत नाहीत, आणि भाड्यानं बसवलेले तर नाहीतच. भाऊबंद दुखावले तर दुखावू द्या.

कागल ओलांडून निपाणीकडं जायचं असेल आणि गाडी तीन हजारावर असेल, तर राज्याचं परमिट कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीला कामाचं नाही, नॅशनल परमिट लागेल.

फिटनेस: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. मुदत टळू देऊ नका. जायच्या आधी रिफ्लेक्टर पट्ट्या बघा: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. पीयूसी. फास्टॅग जुन्या मालकाचा असेल तर काढून नवा, नाहीतर किणीच्या नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कटतील आणि त्याचे फोन तुम्हाला येतील. मोबाईल नंबर आरसीला जोडा, म्हणजे चलन कळतं. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवले तर चालतात.

विमा रिन्यू करताना एजंट मागच्या वर्षीच्या पॉलिसीवरूनच नवी छापतो. जुनं नाव राहिलं असेल तर तेच पुन्हा छापून येतं, आणि तुम्ही पैसे भरून मोकळे होता. माझं तसंच झालं असतं, घाट आधी आला एवढंच. तेव्हा पॉलिसीची पीडीएफ आली की पहिल्या पानावरचं नाव वाचा. नंतर हप्ता बघा.