पेसमेकरवरची त्वचा लाल झाली तर

अण्णांच्या पेसमेकरची बॅटरी बदलून पाच महिने झाले होते. टाके कधीच सुकले होते. एके दिवशी आंघोळीनंतर त्यांचं अंग पुसताना मला जखमेच्या कडेला रुपयाएवढा लाल डाग दिसला. "शर्टाचं बटण घासलं असेल गं," अण्णा म्हणाले. आईने दोन दिवस हळदीचा लेप लावला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गळू समजून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. लाली ओसरली, आम्ही निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी तिथूनच पाणी झिरपू लागलं. तेवढे दिवस आमचे हातचे गेले, तुमचे जाऊ नयेत.

आठवड्यातून एकदा उजेडात बसवून ती जागा बघा. लाली, सूज, ठणका, हाताला लागणारी ऊब यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. त्वचा पातळ, चकचकीत होऊन डबीची (त्वचेखाली बसवलेल्या पेसमेकरच्या बॅटरीच्या भागाची) कड वर येऊ लागली तर त्याच दिवशी निघा. त्वचेला भोक पडून डबी दिसत असेल तर पू नसला तरी संसर्ग झालाच असं धरतात. हे बॅटरी बदलल्यावर वर्षानेही होऊ शकतं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली: जागा अगदी स्वच्छ दिसत असतानाही, थंडी वाजून वारंवार ताप येत असेल तर जंतू डबीपासून हृदयात जाणाऱ्या तारांवरून हृदयापर्यंत गेलेले असू शकतात.

दाबू नका, लेप लावू नका. सुई टोचून पाणी काढायला कुणालाही देऊ नका; त्या सुईबरोबर बाहेरचे जंतू आत जातात. पेसमेकरचं कार्ड घेऊन तो बसवणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघणं) व्हायला हवी, तीही वेगवेगळ्या जागी टोचून दोन-तीनदा घेतलेल्या रक्ताची. आधी गोळ्या घेतल्या असतील तर तारखांसकट सांगा, कारण गोळ्यांमुळे जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

"चालतं यंत्र कशाला काढायचं?" असं अण्णा दोन दिवस म्हणत राहिले. जंतू धातूवर आणि तारांवर चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून डबी आणि तारा, दोन्ही काढाव्या लागतात. सुरुवातीच्या दिवसांत फक्त टाक्याचा वरवरचा संसर्ग असेल तर गोळ्यांवर भागू शकतं, पण ते हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. जुन्या तारा शिरेला घट्ट चिकटलेल्या असतात. त्या काढण्याचा अनुभव तुम्हाला किती आहे, हार्ट सर्जन हजर असतील का, हे स्पष्ट विचारा. संकोच नको. अण्णांचं हृदय पेसमेकरवरच चालत होतं, म्हणून मधल्या दिवसांत तात्पुरती तार घातली. कल्चर स्वच्छ आल्यावर नवा पेसमेकर उजव्या बाजूला बसवला.

पुढच्या वेळी बॅटरी बदलताना साखर आटोक्यात ठेवा. ताप किंवा अंगावर जखम असेल तर आधी कळवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं ते विचारा, मनाने बंद करू नका; डबीभोवती रक्त साचलं की संसर्गाचा धोका वाढतो. चिरा देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणार ना, हेही विचारा.

दात काढायचा असेल तर केवळ पेसमेकर आहे म्हणून आधी अँटिबायोटिक लागत नाही. हृदयाच्या झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच दाताच्या खुर्चीवर बसा.