लपलेल्या जर्नलची साइज बघताय? या चुका टाळा

खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की गावच्या सेवा केंद्रातल्या संगणकाला उसंत नसते, आणि नेमका तेव्हाच सी ड्राइव्ह लाल होतो. मग कोणीतरी सांगतं, "भाऊ, विंडोजनं आत जर्नल लपवलं आहे, ते उडवून टाक." उडवायच्या आधी ते आहे केवढं, हे तरी मोजा.

जर्नल म्हणजे ड्राइव्हवरच्या बदलांची नोंद. पहिली गफलत इथंच होते: जर्नल एक नाही, दोन आहेत. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर एक लॉगफाइल असते. काही सेव्ह होत असताना लाइन गेली, तर फाइलींची मांडणी पुन्हा ताळ्यावर आणते ती हीच. पावसाळ्यात दिवसातून कितीदा लाइन जाते ते आपल्याला माहीत आहे, म्हणून हिच्या वाटेला जाऊ नका. दुसरं यूएसएन जर्नल, म्हणजे कोणती फाइल बदलली याची नोंदवही. विंडोजचा शोध आणि काही बॅकअप प्रोग्राम तिच्यावर चालतात. 'हिडन फाइल्स दाखवा' यावर टिक केली तरी दोन्ही एक्सप्लोररमध्ये दिसत नाहीत.

लॉगफाइलची साइज बघायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत 'सीएचकेडीएसके सी:' लिहून पुढे '/एल' द्या. बहुधा ६५५३६ केबी, म्हणजे ६४ एमबी दिसेल. एलच्या पुढे कोलन देऊन आकडा मात्र टाकू नका. आकडा टाकला की साइज दाखवण्याऐवजी बदलली जाते.

यूएसएनसाठी 'एफएसयूटिल यूएसएन क्वेरीजर्नल सी:' ही कमांड आहे. यात 'मॅक्झिमम साइज'समोर २०००००० असं दिसलं, तर ते वीस लाख बाइट नव्हेत. हा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला आहे: ३,३५,५४,४३२ बाइट, म्हणजे ३२ एमबी. नव्या विंडोजमध्ये कंसात एमबी छापून येतात, जुन्यात नाही. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकून हेक्स निवडा आणि तपासून घ्या.

काही डिस्क टूल हेच जर्नल कित्येक जीबीचं दाखवतात आणि माणूस घाबरतो. ते खरं नाही. जुन्या नोंदींची जागा विंडोज मोकळी करत जातं, पण नोंदींचा क्रमांक वाढतच राहतो, म्हणून फाइल लांबलचक दिसते. डिस्कवर व्यापलेली जागा पाहा, लांबी नको.

तरीही यूएसएन जर्नल उडवायची 'डिलीटजर्नल' कमांड चालवलीच, तर विंडोजला एकेका फाइलची नोंद साफ करावी लागते आणि मशीन रीस्टार्ट केलं तरी ते काम मागे सुरू राहतं. बाहेर अर्जांची रांग लागलेली असताना थोड्याशा एमबीसाठी हा उपद्व्याप कशाला?

लिनक्सवाल्यांनी 'जर्नलसीटीएल'चा डिस्क वापर बघून फसू नये. ते सिस्टमच्या लॉगचं माप आहे. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली मांडण्याची पद्धत) चं जर्नल 'डम्पईटूएफएस -एच' मध्ये दिसतं.

जागा खरी अडते ती हायबरनेशनच्या (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याच्या सोयीच्या) फाइलीत, जुन्या अपडेटमध्ये आणि डाउनलोड फोल्डरमधल्या सातबाराच्या पीडीएफमध्ये. सेटिंग्जमधलं 'स्टोरेज' आधी उघडा. डेस्कटॉपवर हायबरनेट वापरतच नसाल तर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिल्यावर काही जीबी लगेच सुटतात. आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर असलं जर्नल नसतंच, म्हणून अर्ज आधी हार्ड डिस्कवर सेव्ह करा, मग कॉपी करा.