विदर्भाच्या उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप चालवताना

गेमिंग लॅपटॉपसोबत येणारी माहितीपुस्तिका सहसा कोणी उघडत नाही. पण यंत्र ज्या खोलीत चालवायचे तिचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच असावे, असे बहुतेक कंपन्यांनी तिच्यात छापलेले असते. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो, टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात. म्हणजे एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत आपण हे यंत्र त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेरच वापरत असतो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो; ती हवाच ४० अंशांची असेल तर पंखा कितीही जोरात फिरला तरी त्याच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही. म्हणून आपल्याकडे आधी यंत्रात तयार होणारी उष्णता कमी करावी आणि ती बाहेर काढण्याच्या उपायांकडे नंतर वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काहीही बदलण्यापूर्वी मोजमाप घ्यावे. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून नेहमीचा गेम अर्धा तास खेळावा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे तापमान, त्यांनी घेतलेले वॅट आणि त्यांची गती वहीत लिहून ठेवावी; शेजारी खोलीचे तापमानही लिहावे, कारण त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. खोली १० अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त तापतो, त्यामुळे डिसेंबरात ८५ अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ९५ च्या पुढे गेला तर यंत्र बिघडले असे समजू नये. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा बहुधा १०० अंशांच्या आसपास आणि एएमडीची ९५ ते १०५ च्या दरम्यान असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्याने यंत्र लगेच जळत नाही, पण गेम मध्येच अडखळू लागतो, आणि सरासरी फ्रेम (सेकंदाला तयार होणारी चित्रे) चांगल्या दिसत असूनही खेळण्यात मजा राहत नाही.

उष्णता कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फ्रेमवर मर्यादा घालणे. हलका गेम मोकळा सोडला तर यंत्र सेकंदाला दोनशे-अडीचशे फ्रेम तयार करत बसते आणि पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असेल तर त्यातल्या कितीतरी डोळ्यांपर्यंत पोहोचतही नाहीत. वीज मात्र प्रत्येक फ्रेमला लागते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ हा पर्याय आहे. जड गेमसाठी तेथे ६० आणि स्पर्धेच्या गेमसाठी १२० च्या आसपास आकडा घालून पाहावा. त्याच्या जोडीला गेममधील सावल्यांची गुणवत्ता एक पायरी खाली आणावी आणि रे ट्रेसिंग (प्रकाश व प्रतिबिंबे हुबेहूब दाखवणारी जड सोय) बंद करावे, कारण उन्हाळ्यात तेवढ्या सौंदर्याची किंमत जास्त पडते.

दुसरा उपाय प्रोसेसरच्या टर्बो गतीचा, म्हणजे काम वाढल्यावर तो मूळ गतीच्या वर जी गती गाठतो तिचा. उदाहरणार्थ, रायझन ५ ५६००एच या प्रोसेसरची मूळ गती ३.३ गिगाहर्ट्झ आणि टर्बो गती ४.२ गिगाहर्ट्झ आहे. परंतु वरच्या गतीसाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढत असल्याने त्या शेवटच्या काही टक्के गतीची उष्णता गतीच्या मानाने कितीतरी जास्त असते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केले की बहुतेक प्रोसेसरची टर्बो गती बंद होते. ज्या गेमचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर असतो त्यात याने फ्रेम फारशा घटत नाहीत आणि तापमान मात्र डोळ्यांदेखत उतरते. ज्या गेमचा भार प्रोसेसरवर आहे त्यात फरक जाणवेल, तेव्हा वहीतल्या आकड्यांशी ताडून निर्णय घ्यावा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तेथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधील ‘परफॉर्मन्स’ऐवजी ‘बॅलन्स्ड’ मोड निवडला तरी बरेचसे काम होते.

ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज उतरवण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर वापरावे. त्यात कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की व्होल्टेज आणि गतीचा आलेख उघडतो. गेममध्ये कार्ड नेहमी ज्या गतीने चालते ती गती ९०० मिलीव्होल्टच्या बिंदूवर आणून ठेवावी, त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट करावा आणि तासभर खेळून पाहावे. गेम बंद पडला नाही तर २५ मिलीव्होल्टने आणखी खाली यावे, पडला तर एक पायरी मागे जावे. प्रत्येक कार्डाची सहनशक्ती वेगळी असल्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाची लॅपटॉप कार्डे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या मर्यादेत विकली जातात, यावरून नुसत्या नावाची तुलना किती फसवी असते ते लक्षात येईल. इंटेलच्या प्रोसेसरवर असाच प्रयोग पूर्वी सर्रास होत असे. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी ती वाट बायोसमधूनच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद केली आहे.

एवढे झाल्यावर साफसफाई. आपल्या भागात तिचे महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे, कारण भाव चढेपर्यंत कापूस घरातच एका खोलीत रचून ठेवण्याची पद्धत आहे आणि बहुतेक वेळा पोरांचा अभ्यास, लॅपटॉप आणि कापूस एकाच खोलीत नांदतात. नुसती माती पंख्यातून बऱ्याच अंशी निघून जाते. कापसाचे तंतू मात्र पंखा आणि तांब्याच्या बारीक पातींच्या मधोमध अडकतात, त्यावर सोयाबीनच्या कुटाराची (भुशाची) धूळ बसते आणि काही महिन्यांत तेथे नमद्यासारखा करडा पट्टा तयार होतो. बाहेरच्या जाळीतून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते, कारण हा पट्टा पातींच्या आतल्या बाजूला असतो. म्हणून बाहेरून फुंकर मारल्याने तो निघत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, मागचे झाकण उघडावे, बॅटरीची पिन सोडवावी, आणि तो पट्टा चिमट्याने अख्खाच्या अख्खा ओढून काढावा. नंतर मऊ ब्रश आणि छोटा ब्लोअर वापरावा, पण पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह टाळावा. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असते. वॉरंटी सुरू असेल तर झाकण उघडल्याने ती जाते का, हे आधी विचारून घ्यावे. ही सफाई दिवाळीनंतरची वेचणी संपल्यावर एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा करावी.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारा मधला लेप, बदलण्याची घाई करू नये. सफाईनंतरही मोजमाप सुधारले नाही आणि यंत्र तीन-चार वर्षांचे असेल तरच ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. काही यंत्रांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, त्याला तर घरी हातच लावू नये.

आता जागा. बाजेवर, गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बुजते. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांवर दोन-तीन सेंटिमीटर उचलली तर हवेला पुरेशी वाट मिळते. निळे दिवे लावलेल्या स्वस्त कूलिंग पॅडने यापेक्षा फार वेगळे काही साधत नाही. खरी मदत घरातल्या कूलरची होते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी कूलर हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो आणि तेवढेच अंश प्रोसेसरवरूनही कमी होतात. ओल्या हवेने लॅपटॉपच्या आत पाणी धरेल ही भीती बाळगू नये, कारण चालू यंत्राचे भाग त्या हवेपेक्षा गरमच असतात. धोका तुषारांचा आहे: पंपाचे पाणी जास्त असले की कूलरच्या गवती ताट्यांवरून बारीक थेंब उडतात, आणि आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर बोर्डवर बसला तर तो गंज धरतो. म्हणून लॅपटॉप झोताच्या समोर न ठेवता बाजूला, सहा-सात फुटांवर ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. पाऊस लागला की हवेतला ओलावा वाढून कूलरचा उपयोग राहत नाही, पण तोवर खोलीही निवलेली असते.

विजेचे थोडे. गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. गेमिंग लॅपटॉपचा अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने यंत्र बंद पडत नाही, मात्र तेवढ्याच वॅटसाठी त्याला जास्त करंट ओढावा लागतो आणि तो अधिक तापतो. म्हणून त्याला गादीखाली न सारता उघड्या फरशीवर ठेवावे. घरातली अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की पिन काढून ठेवावी. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर गेम खेळता येतो, पण २०० वॅटचा भार म्हणजे जवळजवळ तीन छताच्या पंख्यांइतका, हे रात्री घरच्यांची झोप उडण्यापूर्वी लक्षात घ्यावे. लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर यंत्र मुद्दामच कमी ताकदीने चालते, त्यात दोष शोधू नये.

उन्हाळ्यात सर्वांत आधी म्हातारी होते ती बॅटरीच. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, त्यामुळे लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा टिनाखालच्या माळ्यावर यंत्र कधीच ठेवू नये. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासे झाले तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. तेव्हा यंत्र बंद करून चार्जर काढावा, ते दाबून बसवण्याचा किंवा टोचून पाहण्याचा प्रयत्न करू नये, आणि बॅटरी बदलून मिळेपर्यंत ते पुन्हा सुरू करू नये.