जुनं बेसबॉल कार्ड खरं की खोटं, आणि खरं असलं तर किती नंबरचं: घरी कसं तपासायचं

इथे न्यू जर्सीत आल्यावर बेसबॉलचा खेळ समजायला मला दोन सीझन लागले, पण बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांचा, नाद लागायला एक रविवार पुरला. फ्ली मार्केटमधे, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, एका टेबलावर टॉप्स कंपनीचं १९७१ चं थर्मन मुन्सन या खेळाडूचं कार्ड दिसलं, आडवं कार्ड, होम प्लेटवर धुरळा उडालाय, चारी बाजूंनी काळी बॉर्डर आणि ती पण कशी, काजळ घातल्यासारखी, कुठे टवका म्हणून नाही. घासाघीस केली, घेतलं, खुशीत घरी आलो. आठवड्याभराने भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं की काजळ खरंच घातलेलं होतं, कुणीतरी मार्कर फिरवला होता. कार्ड नकली नव्हतं हां, १९७१ चंच होतं, पण रंगवलेलं कार्ड म्हणजे किमतीच्या हिशोबाने गेलंच.

त्यानंतर बरीच कार्डं हाताखालून गेली आणि एक कळलं, की पूर्ण नकली कार्ड ओळखणं त्यामानाने सोपं आहे, खऱ्या कार्डाला केलेली रंगरंगोटी आणि काटछाट ओळखणं अवघड. आणि आपण सगळे नवीन असताना आधी ग्रेडचा आकडा (कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे यावर ग्रेडिंग कंपन्या देतात तो १ ते १० मधला नंबर) बघतो मग कार्ड बघतो. क्रम उलटा ठेवा. आधी कार्ड त्या सालचं आहे का, मग त्याला कुणी हात लावलाय का, आणि नंबर सगळ्यात शेवटी.

सामान काय लागतं

फार काही नाही. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग, मिलिमीटरची बारीक पट्टी, एक चांगला टेबल लॅम्प ज्याची मान वाकवता येते, आणि एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. हात धुऊन पूर्ण कोरडे करून बसा, शेजारी चहाचा कप नको, हे मी अनुभवाने सांगतोय पण तो किस्सा राहू दे.

सगळ्यात महत्त्वाचं सामान मात्र वेगळंच आहे, त्याला मी भावंड म्हणतो. ज्या सेटमधलं (सेट म्हणजे एका कंपनीने एकत्र काढलेली कार्डांची मालिका) महागडं कार्ड घ्यायचंय त्याच सेटमधलं एखाद्या बिननावाच्या खेळाडूचं स्वस्तातलं, मळकं, कोपरे झिजलेलं कार्ड आधी विकत घ्या. १९७१ च्या टॉप्समधलं असं कार्ड एक-दोन डॉलरला मिळतं. त्याची नक्कल करायच्या भानगडीत कुणी पडत नाही, म्हणून ते खरं असण्याची शक्यता जवळजवळ पूर्ण. आता पुठ्ठा किती जाड, पाठीमागचा रंग कसा, शाई कशी बसलीय, चकाकी किती, हे सगळं तुमच्या हातात आलं. पुढच्या प्रत्येक पायरीला हे भावंड शेजारी ठेवायचं.

पायरी १: मापं घ्या

जुनी कार्डं सगळी एका मापाची नाहीत आणि इथेच अर्धे नकली गळतात. सिगरेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ मधे आलेला टी२०६ नावाचा सेट आहे (टी म्हणजे तंबाखू, हे क्रमांक जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने पाडले, त्यांचा संग्रह आता न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे), त्याची कार्डं साधारण ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. १९३३ ची गाउडी कंपनीची, ज्यात बेब रूथची चार वेगवेगळी कार्डं आहेत, ती जवळपास चौकोनी, ६० बाय ७३. टॉप्सची १९५२ ते १९५६ मधली मोठी, ६६.७ बाय ९५. आणि १९५७ पासून टॉप्सने जे माप धरलं, ६३.५ बाय ८९, तेच आजपर्यंत चालू आहे.

याचा उपयोग बघा. १९५२ च्या टॉप्स सेटमधलं ३११ वं, मिकी मँटलचं कार्ड म्हणजे या छंदातलं कोहिनूर, २०२२ मधे एक प्रत १.२६ कोटी डॉलरला गेली. टॉप्सने स्वतःच १९८३ मधे तो सेट परत छापला पण आजच्या छोट्या मापात. कुणीतरी आजोबांच्या ट्रंकेत मँटल सापडला म्हणून फोटो दाखवतो, पट्टी लावली की ८९ मिलिमीटर भरतं, विषय संपला. जाता जाता, १९५२ च्या सेटमधल्या शेवटच्या सिरीजची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कार्डांची, न खपलेली खोकी टॉप्सने १९६० मधे बार्जवर घालून आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात बुडवली, मँटल त्याच सिरीजमधला. अटलांटिककडे बघताना माझ्या पोटात अजून कालवतं.

पायरी २: भिंगाखाली शाई बघा

छापील चित्र म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी, हे वर्तमानपत्रातला फोटो जवळून बघितलाय त्या कुणालाही माहितीये. पण मूळ कार्डात खेळाडूचं नाव, चौकटीची रेघ, पाठीमागचा मजकूर हे सहसा ठिपक्यांचं नसतं, सलग एकाच शाईत छापलेलं असतं, कडा धारदार. नक्कल करणारा काय करतो, अख्ख्या कार्डाचा फोटो काढतो किंवा स्कॅन करतो आणि छापतो, त्यामुळे अक्षरं पण ठिपक्यांची होतात. टी२०६ च्या खालच्या पट्टीतलं तपकिरी नाव बघा, खऱ्यात अक्षर भरीव तपकिरी, नकलीत त्याच अक्षरात लाल पिवळे निळे ठिपके गर्दी करून बसलेले.

दुसरं ठिकाण म्हणजे पांढरी बॉर्डर. खऱ्या कार्डाची बॉर्डर म्हणजे नुसता कोरा पुठ्ठा, तिथे शाईच नाही, ती पिवळी पडलीय ती वयाने. नकलीत तो पिवळेपणा पण छापावा लागतो, म्हणून कोऱ्या वाटणाऱ्या बॉर्डरवर फिकट ठिपके दिसतात. हे एकदा दिसलं की परत कधी चुकत नाही.

पायरी ३: अंधार करून टॉर्च मारा

साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं यायला लागली, कपड्यांना नीळ घालतो त्यातलाच प्रकार, आणि ती अल्ट्राव्हायोलेट उजेडात निळसर पांढरी चमकतात. म्हणजे १९०९ चं किंवा १९३३ चं म्हणून दिलेलं कार्ड अंधारात ट्यूबलाइटसारखं चमकलं तर परत देऊन टाका. पण उलटं गृहीत धरू नका, न चमकणारा जुना पुठ्ठा आजही मिळतो, आणि पन्नासच्या दशकापुढच्या कार्डांना ही परीक्षा एकटी पुरत नाही, तिथे भावंड चमकतं तितकंच हे चमकतंय का एवढंच बघायचं. साधी टॉर्च पाठीमागून लावून आरपार किती उजेड येतो तेही दोघांचं ताडून बघा. एक-दोन जणांनी मला जुन्याचा वास येतो म्हणून सांगितलं, वासाचं काय, माळ्यावर चार महिने ठेवलं की नवीन पुठ्ठ्याला पण येतो.

आणि चहा-कॉफीत बुडवून जुनी केलेली कार्डं असतात. खरं कार्ड कडांकडून पिवळं पडत जातं आणि हातात धरायच्या जागी मळतं, चहावालं सगळीकडून सारखं तपकिरी असतं. चारी कोपरे अगदी एकसारखे गोल झिजले असतील तरी संशय घ्या, पॉलिश पेपरने घासलेले असतात.

पायरी ४: कुणी हात लावलाय का

इथे वेळ घालवा, कारण पैसे इथेच बुडतात.

कार्ड सपाट न ठेवता कड डोळ्यांसमोर आणा, पत्त्यांचा जोड बाजूने बघतो तसं, आणि लॅम्प खाली वाकवा. कारखान्यात कापलेली आणि पन्नास वर्षं जगलेली कड थोडी मऊ, थोडी मळकी, किंचित तंतू आलेली असते. ब्लेडने नव्याने कापलेली कड गुळगुळीत आणि बाकीच्या तीन कडांपेक्षा पांढरी दिसते. कधी हात थरथरतो आणि शेवटी कड आकड्यासारखी आत वळते. मग भावंडावर ठेवून मापा. आता गंमत अशी की जुन्या काळी कारखान्यातच कापणी ढिसाळ होती, त्यामुळे न छेडलेलं कार्ड पण अर्धा मिलिमीटर कमी भरू शकतं, म्हणून नुसतं छोटं आहे म्हणून कापलंय असं लगेच म्हणू नका, कड काय सांगते ते बघा. छोटं माप आणि धारदार कोपरे आणि मधे मात्र पृष्ठभाग झिजलेला, असं त्रिकूट जमलं की मग नक्की. साठ वर्षं कार्ड हाताळलं गेलं आणि कोपरे तेवढे कोरे राहिले, असं कसं होईल?

यात मोठेमोठे फसलेत. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड म्हणजे टी२०६ मधला होनस वॅगनर, आणि त्यातली सगळ्यात देखणी प्रत एकेकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडे होती. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी १९९१ मधे सुरू झाली तेव्हा तिने सगळ्यात पहिलं ग्रेड केलेलं कार्ड हेच, ८ नंबर दिला. २००७ मधे ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मधे लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. त्यामुळे ग्रेडिंग कंपनीच्या डब्यावर नंबर आहे म्हणून आपण डोळे मिटायचे नाहीत.

रंगवलेलं ओळखायची माझी मुन्सनवाली युक्ती सांगतो. १९७१ च्या कार्डांची काळी बॉर्डर कडेला पटकन उडते आणि खालचा फिकट पुठ्ठा दिसतो, म्हणून तिथे मार्करचा मोह होतो. कार्डाची जाडी बघा, पुढचा भाग नाही, जाडी. छापताना शाई फक्त वरच्या तोंडावर लागते आणि कापणी नंतर होते, म्हणून जाडीचा रंग पुठ्ठ्याचाच पाहिजे. माझ्या कार्डाच्या जाडीत दोन ठिकाणी काळं उतरलेलं होतं, आणि भिंगाखाली ती शाई तंतूंमधे टिपकागदासारखी पसरली होती, लॅम्प तिरपा केला की जांभळट झाक. फ्ली मार्केटमधेच दहा सेकंदात दिसलं असतं.

दाबून सपाट केलेली सुरकुती उजेड अगदी आडवा मारला की रेघेसारखी उठते. पुन्हा बांधलेला कोपरा अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली वेगळा चमकतो. एक प्रकार मात्र छंदात बहुतेक जण चालवून घेतात, तो म्हणजे वहीत चिकटवलेलं तंबाखूचं कार्ड नुसत्या पाण्यात भिजवून सोडवणं. रसायन वापरलं तर नाही.

बाकी, फार सुंदर म्हणजे खोटंच, असाही नियम नाही. २०१२ मधे ओहायोतल्या डिफायन्स गावात एका घराच्या माळ्यावर १९१० च्या सुमाराची शेकडो कार्डं सुतळीत बांधलेली सापडली, कोरी करकरीत, आणि सगळी खरी. पण ती कुठून आली ते सांगता येत होतं.

पायरी ५: आता नंबर

मापदंड १ ते १०. चार गोष्टी बघतात, चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. बेकेट ही दुसरी ग्रेडिंग कंपनी या चारींचे वेगळे आकडे देते, पीएसए एकच देते.

मधोमधपणा मोजायला डावी आणि उजवी बॉर्डर मापा. समजा डावी ४ आणि उजवी २ मिलिमीटर, बेरीज ६, चार भागिले सहा म्हणजे साधारण ६७ टक्के, म्हणजे ६७/३३. पीएसएच्या ८ ला समोरून साधारण ६५/३५ लागतं, ७ ला ७०/३० च्या आसपास चालतं, म्हणजे बाकी सगळं उत्तम असलं तरी हे कार्ड ७ धरून चाला. वर-खाली पण मोजा आणि जे वाईट ते धरा. पाठीमागे बरीच सूट असते.

पृष्ठभागासाठी कार्ड लॅम्पखाली हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारी केसासारखी सुरकुती इथे दिसते आणि नवीन माणसाचा अंदाज हमखास इथेच चुकतो, कोपरे ७ चे वाटतात आणि मधल्या एका सुरकुतीने कार्ड ४ वर येतं. कार्डासोबत आलेल्या बबलगमचा डाग, मेणकागदी पाकिटाच्या मेणाचा डाग, पेनाने लिहिलेलं, हे पण धरा. आणि आपला अंदाज आला की त्यातून एक वजा करा, स्वतःच्या कार्डावर सगळ्यांचंच प्रेम असतं.

कापलेलं, रंगवलेलं निघालं तर नंबर मिळत नाही, फार तर अस्सल पण छेडछाड केलेलं असा शिक्का मिळतो.

पायरी ६: डब्यातलं कार्ड घेताना

ग्रेड केलेलं कार्ड सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यात येतं, त्याला स्लॅब म्हणतात. लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर (ग्रेडचा नाही) कंपनीच्या साइटवर टाका, तेच कार्ड आणि तीच ग्रेड आली पाहिजे. पण नकली लेबलवर खरा नंबर छापायला काय लागतं? म्हणून साइटवर फोटो असेल तर त्यातला एखादा छपाईचा ठिपका, बॉर्डरची कमीजास्त रुंदी, हे हातातल्या कार्डाशी जुळवा. मग डब्याच्या शिवणीवरून नख फिरवा, उघडून परत चिकटवलेल्या डब्याला तिथे पांढरट धुरकट पट्टा किंवा टवके दिसतात.

सीलबंद नसलेलं कार्ड असेल तर घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगून पाकिटातून बाहेर काढून बघा, किमान लॅम्पखाली. जो नको म्हणतो त्याच्याकडून मी घेत नाही.

तो मुन्सन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. काळ्या बॉर्डरचं नवीन काही आलं की आधी त्याच्या शेजारी ठेवतो, जाडीला जाडी लावून.