महागडा ग्रुपसेट घेण्याआधी या चुका टाळा

मित्राची सायकल कात्रजच्या घाटात छळायची. मागच्या मोठ्या चकतीवर गिअर टाकला की खडखड, आणि ऐन चढावर चेन आपसूक खाली. "105 थकली, आता अल्टेग्राच टाकतो," म्हणून त्याने पैसेही बाजूला काढले होते. (ग्रुपसेट म्हणजे सायकलचे गिअर-ब्रेक आणि ते चालवणारे लीव्हर यांचा संच; शिमानोच्या संचांत सोरा, 105, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशा चढत्या पायऱ्या.) मी मागे उकिडवा बसून चेनच्या रेषेत पाहिलं, तर डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचं, खालचं टोक स्पोक्सकडे झुकलेलं. महिन्यापूर्वी सायकल उजव्या अंगावर पडली होती, तेव्हा हँगर वाकला होता. फ्रेम आणि डिरेलर जोडणारा बोटभर तुकडा! तो सरळ केला आणि गिअर सुतासारखे पडायला लागले.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच: बिघाड न शोधता वरचा ग्रुपसेट घेणं. वाकलेल्या हँगरवर ड्युरा-एसही अडखळणारच. हँगर ठीक असेल तर केबल बघा. शिमानोच्या 11-स्पीड (मागे 11 चकत्या) शिफ्टरमध्ये, म्हणजे गिअर बदलायच्या लीव्हरमध्ये, गिअरची केबल आतल्या घुंडीपाशी उसवते, हे जुनं दुखणं आहे. हूड, म्हणजे शिफ्टरवरचं रबरी आवरण, मागे सोलून पाहा. एक तार जरी सुटलेली दिसली तरी केबल बदलून टाका. घुंडी आतच तुटून राहिली, तर ती काढताना मेकॅनिकचा घाम निघतो. चेनही मोजा, 0.5 टक्के ताणली असेल तर बदला.

दुसरी चूक वजनाची. 105 डीआय2 आणि ड्युरा-एस डीआय2 (डीआय2 म्हणजे बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअर) यांत फरक साधारण अर्ध्या किलोचा. तुम्ही 70 किलोचे, सायकल 9 किलोची. सिंहगड चढायला 45 मिनिटं लागत असतील, तर तेवढ्याच ताकदीत वाचतील जेमतेम 17 सेकंद. शर्यतीत उतरणाऱ्याला ती मोलाची आहेत, त्याने जरूर घ्यावा. रविवारी घाट चढणाऱ्याला मात्र सोपा गिअर जास्त कामाचा, आणि तिथे 105 डीआय2 सरस आहे: तिला 36 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) चालते, ड्युरा-एसची हद्द 34 ला संपते.

ड्युरा-एस कॅसेट घालायचीच असेल, तर रोजच्या सायकलला घालू नका. तिच्या मोठ्या चकत्या टायटॅनियमच्या असतात. हलक्या खऱ्या, पण पोलादापेक्षा लवकर झिजतात. पावसाळ्यातल्या चिखलात तर फारच.

सोरावरून 11-स्पीड 105 वर जाणाऱ्यांनी आधी मागचं हब, म्हणजे कॅसेट बसते तो चाकाचा मधला भाग, तपासावं. 8, 9, 10-स्पीडच्या जुन्या रोड हबवर 11-स्पीड रोड कॅसेट सहसा बसत नाही, आणि ग्रुपसेटच्या बिलावर चाकाचं बिल चढतं.

हातात पैसे असतील तर आधी चांगले टायर घ्या. फ्रेममध्ये जागा असेल तर 28 मिमी रुंदीचे, हवा थोडी कमी. आपल्या रस्त्यांवर तो फरक पहिल्याच किलोमीटरला मनगटांना कळतो.